पूर, दरड आणि वायरलेस : सातारा-सांगलीतील आपत्कालीन संपर्काचा आढावा

22 जुलै 2021 च्या सकाळपासून पुढच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला 594 मिलिमीटर पाऊस पडला. त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर घरांवर आला. रस्ते खचले, वीज गेली आणि विजेपाठोपाठ मोबाइल गेले. कोयनेच्या खोऱ्यातून बातमी बाहेर पडायलाच वेळ लागला. त्याआधी दोन वर्षे, ऑगस्ट 2019 मध्ये, सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेने 57 फूट ओलांडले होते. तिथली इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट. सांगलीत अडचण उलटी होती. मदतीच्या हाका फोनवर, व्हॉट्सअॅपवर, ओळखीपाळखीतून चारी बाजूंनी येत होत्या. पोलीस, महसूल, महापालिका, एनडीआरएफ, लष्कर, नौदल आणि गावोगावची मंडळी पाण्यात उतरली होती. कुठली बोट कुठे आहे आणि कुठल्या गल्लीतली माणसे अजून गच्चीवर आहेत, हे सगळ्यांना एकाच वेळी कळावे कसे, हा तिथला पेच होता.

एकीकडे निरोप निघेना, दुसरीकडे निरोप मावेनात. दोन्ही ठिकाणी पुन्हा पुन्हा नाव निघते ते एका जुन्या साधनाचे, वायरलेसचे. पोलिसांच्या गाडीतला सेट, जवानाच्या खांद्यावरचा वॉकी-टॉकी, धरणावरचा बिनतारी संच ही सगळी त्याचीच रूपे. तो आपत्तीत नीट वापरायचा म्हणजे काय, कोणी वापरायचा आणि कोणत्या भाषेत, याविषयी यंत्रणांमध्ये आणि बचाव पथकांमध्ये बरीच मते आहेत. काही बाबतींत एकमत झालेले आहे, काही बाबतींत होण्याची चिन्हे नाहीत. या दोन जिल्ह्यांचा भूगोल समोर ठेवून ही सगळी मते इथे मांडली आहेत.

मागचा रस्ता

पोलिसांच्या हाती रेडिओ आला तो आधी एकेरी होता. 1928 मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात गस्तीच्या गाडीतल्या पोलिसाला मुख्यालयाचे ऐकू येत असे, उलट बोलता येत नसे. 1933 मध्ये न्यू जर्सीतल्या बेयॉन गावाने गाडीतून बोलण्याचीही सोय केली. हातात मावणारे सेट दुसऱ्या महायुद्धाने आणले. त्याच 1933 साली इंग्रज सरकारने भारतीय बिनतारी तारायंत्र कायदा केला आणि परवान्याशिवाय संच बाळगणे गुन्हा ठरवले. आपल्याकडच्या सगळ्या वादांवर या कायद्याची सावली पुढे नव्वद वर्षे राहिली. 1946 मध्ये पोलीस बिनतारी समन्वय संचालनालय आणि 1952 मध्ये लहरींचे वाटप करणारा डब्ल्यूपीसी विभाग, दोन्ही दिल्लीत, उभे राहिले. महाराष्ट्रात हे काम पुण्यात मुख्यालय असलेला पोलीस बिनतारी संदेश विभाग पाहतो. पोलिसांखेरीज वनखाते आणि जलसंपदा खाते यांनीही आपापल्या गरजेपुरती बिनतारी यंत्रणा वापरली.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला तेव्हा जलविद्युत केंद्र बंद पडून थेट मुंबईची वीज गेली. वीज, रस्ता आणि फोन एकाच धक्क्यात जातात, हे या जिल्ह्याला त्या पहाटेपासून ठाऊक आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी-लातूर भूकंपात आणि 2001 च्या भूज भूकंपात हौशी रेडिओचालकांनी, म्हणजे हॅम मंडळींनी, आपले संच लावून निरोपांची ने-आण केली. सरकारी यंत्रणेबाहेरचा माणूसही या कामात उपयोगी पडतो, हे तिथे दिसले.

डोंगर, ऊस आणि लहरी

वायरलेसचा वापर कसा करावा हे आधी जमीन ठरवते. पोलीस आणि बचाव पथके ज्या लहरी वापरतात त्या साधारण सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की थांबतात. सपाट मोकळ्या रानातही हातातला पाच वॉटचा सेट दुसऱ्या हातातल्या सेटशी चार-पाच किलोमीटर बोलला तरी पुष्कळ झाले. म्हणून उंचावर रिपीटर बसवतात. तो एका लहरीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या लहरीवर जोरात बोलतो. डोंगरमाथ्यावरच्या एका रिपीटरमुळे खालचा साधा सेट तालुकाभर पोहोचतो.

जत, आटपाडी, कवठेमहांकाळच्या माळावर हे गणित सोपे आहे. कृष्णाकाठी पलूस, वाळवा, मिरज भागात जमीन सपाट असली तरी उभा ओला ऊस आणि दाट झाडी लहरी शोषते. अशा जागी कमी वारंवारतेचा व्हीएचएफ पट्टा जास्त वारंवारतेच्या यूएचएफपेक्षा बरा चालतो, तर शहरातल्या काँक्रीटच्या इमारतींत यूएचएफ बरा शिरतो. खरी परीक्षा पश्चिम साताऱ्यात. कोयना आणि कांदाटीची खोरी अरुंद, दोन्ही बाजूंनी हजार मीटरच्या पुढचे डोंगर. शिवसागर जलाशयापलीकडच्या वाड्यांना तापोळा-बामणोलीहून लाँचने जावे लागते. तिथे एका धारेवरचा रिपीटर पलीकडच्या दरीत ऐकू येत नाही. खंबाटकीच्या बोगद्यातही तेच. आतमध्ये खास केबल सोडली नसेल तर तोंडाशी उभा असलेला पोलीस आणि आतला पोलीस एकमेकांना तुटतात.

ही अडचण पैशाने काही अंशी सुटते. आणखी रिपीटर, त्यांना सौरऊर्जा, गाडीवर बसवलेला फिरता रिपीटर हे उपाय माहीत आहेत. काही अंशी ती सवयीने सुटते. दरीच्या तळाशी सेट मुका झाला तर एका माणसाला वर वळणावर उभे करून त्याच्या तोंडून निरोप पुढे पाठवायचा, ही सर्वांत जुनी आणि अजूनही सर्वांत भरवशाची युक्ती. 28 जुलै 2018 ला आंबेनळी घाटात बस खोल दरीत कोसळली. त्यातून वाचलेला एकटा माणूस दरी चढून रस्त्यावर आला तेव्हा जगाला कळले. पुढे महाबळेश्वर ट्रेकर्स, सह्याद्री ट्रेकर्स यांच्यासारखी पथके दोर टाकून उतरली. दोराच्या वरचा आणि खालचा माणूस एकमेकांना दिसत नाहीत, वाऱ्या-पावसात ओरडणेही पोहोचत नाही. ‘ओढा’ आणि ‘थांबा’ हे दोन शब्द वेळेवर पोहोचले नाहीत तर जीव जातो. छोट्या सेटचे मोल तिथे कळते.

ज्यावर एकमत आहे

सेट कसा धरावा आणि कसे बोलावे यावर जगभर फारसे दुमत नाही. तोंडापासून चार-पाच बोटे दूर, किंचित तिरका. अँटेना उभी, हाताने न धरलेली. सेट कमरेला लटकवून माइकवर बोलले तर अंगच लहरी अडवते, म्हणून पोच कमी पडली की तो खांद्याच्या वर न्यायचा. बोटीच्या इंजिनाच्या आवाजात कानातला इअरफोन लागतोच, नाहीतर आलेला निम्मा निरोप पाण्यात जातो.

बटण दाबल्यावर सेकंदभर थांबून मग बोलायचे. रिपीटरला जागे व्हायला क्षण लागतो आणि तेवढ्यात पहिला शब्द कापला जातो. हा पहिला शब्द बहुधा ज्याला हाक मारली त्याचे नाव असतो. ते कापले गेले की आपल्याला बोलावले आहे हे कोणालाच कळत नाही. हाक मारताना आधी समोरच्याचे नाव, मग आपले. आधी ऐकायचे, चॅनेल मोकळे असेल तरच बोलायचे. यामागचे कारण समजून घेण्याजोगे आहे. दोघांनी एकदम बटण दाबले तर जोरकस सेटवाला तेवढा ऐकू येतो किंवा नुसती शिट्टी वाजते, आणि बोलणाऱ्याला स्वतःला यातले काही कळत नाही, कारण बोलताना त्याचा सेट ऐकत नसतो. तो निरोप दिला म्हणून निश्चिंत होतो. आपत्तीत असे किती निरोप हवेत विरले असतील, हा विचार मला अस्वस्थ करतो. त्याहून वाईट म्हणजे दबून राहिलेले बटण. गाडीत सीटखाली किंवा लाइफ जॅकेटच्या पट्ट्यात अडकलेला एक माइक अख्खे चॅनेल बंद पाडतो.

यावर उतारा एकच, निरोप परत म्हणून दाखवणे. ‘रॉजर’ म्हणजे ऐकले, एवढेच. काम केले असा त्याचा अर्थ होत नाही, आणि आकडा बरोबर ऐकला याची हमी तर तो मुळीच देत नाही. धरणातून किती क्युसेक सोडले, पुलापाशी पाणी किती फूट किती इंच, गच्चीवर किती माणसे, हे आकडे परत म्हणून घेतलेच पाहिजेत. आपल्या आकड्यांत तर पंचावन्न आणि पंचाण्णव, एकोणसाठ आणि एकोणसत्तर खरखरीत एकसारखे ऐकू येतात. ‘पाच पाच’, ‘नऊ पाच’ असे एकेक अंक सांगणे हाच सुरक्षित मार्ग.

या शिस्तीतला सर्वांत मोठा भाग गप्प राहण्याचा आहे. एखाद्याने जीवघेणी अडचण सांगितली की बाकी सगळ्यांनी बटणावरचा अंगठा काढायचा आणि कंट्रोलने मोकळे करेपर्यंत थांबायचे. यासाठी चॅनेलवर एक मालक लागतो, जो कोणी कधी बोलायचे ते ठरवतो. पोलिसांच्या कंट्रोल रूममध्ये असा मालक असतो. अनेक पथके एकत्र येतात तिथे तो आपोआप नसतो, ठरवून नेमावा लागतो.

यंत्र चांगले असूनही सवय नसली तर काय होते याचा सर्वांत दुःखद दाखला न्यूयॉर्कचा आहे. 11 सप्टेंबर 2001 ला वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये अग्निशमन दलासाठी रिपीटर बसवलेला होता. तो पूर्ण चालू व्हायला दोन बटणे दाबावी लागत, त्यातले दुसरे दाबले गेले नाही. उत्तर मनोऱ्यातल्या अधिकाऱ्यांनी यंत्र नादुरुस्त समजून बाजूला ठेवले. उरलेल्या चॅनेलवर गर्दी झाली, आणि बाहेर पडा हा आदेश अनेक जवानांपर्यंत पोहोचला नाही. चौकशी आयोगाच्या अहवालात हे सविस्तर आहे. प्रत्येक बचाव पथकाने तो भाग मराठी करून वाचावा असे मला मनापासून वाटते.

मोबाइल असताना वायरलेस कशाला?

आता मतभेदांकडे. पहिला प्रश्न तरुण स्वयंसेवक आणि काही अधिकारीही विचारतात, आणि तो रास्त आहे. मोबाइलवर फोटो जातो, नकाशावरचे ठिकाण जाते, निरोप लिहिलेला राहतो. नागरिक शेवटी 112 किंवा 108 लाच फोन करतो. 112 च्या पोलीस गाड्यांत पडद्यावर घटनेचा पत्ता येतो. 2014 पासून राज्यात 108 च्या 937 रुग्णवाहिका फोनवरच्या नियंत्रण कक्षातूनच धावल्या. सातारा जिल्ह्यातल्या अनेक गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे. एका फोनवर गावातल्या सगळ्यांचे फोन वाजतात, चोर आला, बिबट्या दिसला, आग लागली तर मिनिटभरात गाव उठते. इतके असताना जुन्या सेटवर खर्च का, असे हा पक्ष म्हणतो.

दुसऱ्या पक्षाचे उत्तर पाटणच्या त्या रात्रीत आहे. टॉवरची बॅटरी काही तासांची असते. वीज गेली, डिझेल पोहोचले नाही, केबल दरडीत तुटली की टॉवर गप्प होतो. टॉवर शाबूत राहिला तरी पुराच्या दिवशी हजारो लोक एकदम फोन करतात आणि लाइन मिळत नाही. त्याहून मूलभूत फरक असा की फोन दोघांत बोलतो. वायरलेसचे चॅनेल गावच्या चावडीसारखे असते, एक बोलतो आणि सगळे ऐकतात. डिग्रजहून निघालेल्या बोटीने काय पाहिले ते हरिपूरच्या बोटीला न विचारता कळते.

तिसरे मत मधले आहे आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्यांत तेच जास्त दिसते. जीवाशी संबंधित आदेश आणि जागांची खबर वायरलेसवर, फोटो-याद्या-साहित्याची मागणी फोनवर. मला हे पटते, पण यात एक सापळा आहे. बाजारात आता सिमकार्डावर चालणारे वॉकी-टॉकी मिळतात. दिसायला अस्सल सेट, आतून मोबाइल. टॉवर गेला की तेही जातात. आपल्या पथकाकडे नेमके काय आहे हे पथकप्रमुखाला माहीत असलेच पाहिजे.

कोणत्या भाषेत बोलायचे

सांगलीच्या पुरात उतरणाऱ्या एनडीआरएफच्या तुकड्या प्रामुख्याने पुण्याजवळच्या सुदुंबरे इथल्या पाचव्या बटालियनच्या. जवान देशभरातले, बोलणे हिंदीत. लष्कराची स्वतःची पद्धत. स्थानिक पोलिसांची मराठी, त्यात कंट्रोल, लोकेशन, ‘मेसेज पास करा’ हे शब्द. बोटीवरचा गावकरी नावाडी ओढा, मळी, पाणंद, वेस या खुणांनी बोलतो. एका चॅनेलवर हे सगळे आले तर काय करायचे?

जुन्या वळणाचे लोक सांकेतिक शब्दांच्या बाजूने आहेत. संकेत लहान असतात, खरखरीतही ओळखू येतात, शिवाय भोवतालच्या लोकांना कळत नाहीत. ही शेवटची बाब हलकी समजू नये. नदीकाठी नातेवाईक उभे असतात. बोटीवरच्या माणसाने मृतदेह सापडल्याचे सेटवर सांगितले आणि काठावरच्या अधिकाऱ्याच्या सेटमधून ते मोठ्याने वाजले, तर काठावर वाट पाहणाऱ्या आईला ती बातमी कशी मिळाली असे होईल? हा प्रश्न तांत्रिक म्हणून बाजूला सारता येत नाही.

दुसरी बाजू साध्या बोलण्याची. अमेरिकेत पोलिसांचे ‘दहाचे’ संकेत प्रसिद्ध होते, पण प्रत्येक खात्याचे अर्थ वेगळे निघाले. 2006 पासून तिथे अनेक खाती एकत्र काम करतात तेव्हा साध्या भाषेचाच आग्रह आहे. मृत्यूच्या निरोपासाठी एखादा ठरलेला शब्द आणि सगळ्यांना इअरफोन, एवढा अपवाद ठेवला की दोन्ही हेतू साधतात, असे या पक्षाचे म्हणणे.

आपल्याकडे या वादात एक स्थानिक भर पडते ती गावांच्या नावांची. नागठाणे सातारा तालुक्यात महामार्गावर आहे आणि बालगंधर्वांचे नागठाणे पलूस तालुक्यात कृष्णाकाठी. बोरगाव साताऱ्याजवळ आहे, वाळव्यातही आहे. वाळवा म्हटले तर गाव की तालुका? कवठे तर वाईला आहे, शिवाय कवठेमहांकाळ, कवठेएकंद, कवठेपिरान. बाहेरून आलेल्या तुकडीला यातला एकही फरक माहीत नसतो. गाव आणि तालुका एका दमात सांगण्याचा नियम साधा आहे, फुकट आहे, आणि तो पाळला नाही तर बोट वीस-तीस किलोमीटर चुकीच्या दिशेने जाऊ शकते.

नेमका निरोप काय करू शकतो याचे उदाहरण सातारकरांच्या काळजाजवळचे आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईत अतिरेकी स्कोडा गाडी पळवून निघाले आहेत हा निरोप वायरलेसवरून गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीपर्यंत गेला. तिथे गाडी अडवली गेली आणि जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे यांनी आपल्या देहावर गोळ्या झेलून कसाबला जिवंत पकडून दिले. त्याच रात्रीच्या कंट्रोल रूमच्या नोंदी पुढे त्या हल्ल्यात शहीद झालेल्या पोलीस अधिकाऱ्याच्या पत्नी विनिता कामटे यांनी माहितीच्या अधिकारात मिळवल्या आणि कोणाला कोणता निरोप कधी गेला याविषयी प्रश्न उभे केले. निरोपाची वेळेसह नोंद ठेवणे किती मोलाचे असते, हे त्यातून कळते.

एक चॅनेल की अनेक

पोलिसांचे चॅनेल वेगळे, वनखात्याचे वेगळे, एनडीआरएफचे वेगळे. आपत्तीत सगळ्यांसाठी एक सामाईक चॅनेल असावे ही मागणी जुनी आहे. बाजूने युक्तिवाद उघड आहे. दोन पथके पन्नास मीटरवर असून एकमेकांशी बोलू शकत नाहीत, हे कोणालाही समजावून सांगता येत नाही.

विरोधातही वजन आहे. पोलिसांना गुन्ह्यांचे आणि बंदोबस्ताचे बोलणे सगळ्यांसमोर नको असते. सामाईक चॅनेलवर पन्नास सेट आले आणि शिस्त नसली तर कोणाचेच ऐकू येणार नाही. म्हणून एक मधली रचना सुचवली जाते. प्रत्येक पथक आपल्या चॅनेलवर काम करील, सामाईक चॅनेलवर फक्त पथकप्रमुख बोलतील आणि त्याचा मालक जिल्हा नियंत्रण कक्ष असेल. कागदावर हे उत्तम आहे. प्रत्यक्षात प्रत्येक पथकप्रमुखाकडे दोन सेट लागतात आणि दुसरा सेट सांभाळणारा माणूस लागतो. पुराच्या तिसऱ्या दिवशी, झोप न झालेल्या पथकात, तो माणूस कुठून आणायचा याचे उत्तर कोणी दिलेले नाही.

जिल्ह्याच्या हद्दीचाही प्रश्न आहे. सांगलीचे पाणी साताऱ्यातल्या धरणांवर ठरते. कोयना कराडला कृष्णेत मिळते आणि तो फुगवटा पुढे सांगलीला पोहोचतो. वारणा हरिपूरला मिळते, खाली कर्नाटकात अलमट्टी धरण. धरणांच्या आकडेवारीसाठी कृष्णा-भीमा खोऱ्यात स्वयंचलित माहिती यंत्रणा बसवली गेली, ती आकडे आपोआप पाठवते. पण आकडा कळणे आणि काठावरच्या गावाला ‘आता निघा’ हे सांगणे यात अंतर आहे, आणि ते अंतर शेवटी माणसाच्या आवाजानेच कापावे लागते.

डिजिटल आणि त्यापुढचे

अॅनालॉग की डिजिटल या वादाबद्दल थोडक्यात. डिजिटल सेटवर आवाज स्वच्छ येतो, कोण बोलतो ते दिसते, संवाद गुप्त ठेवता येतो, एका चॅनेलवर दोन संभाषणे चालतात. पण सिग्नल अशक्त झाला की आवाज एकदम तुटतो. अॅनालॉगमध्ये तो खरखरत खरखरत उतरतो आणि सरावलेला कान त्यातूनही चार शब्द उचलतो. घाटात काम करणारे अजून अॅनालॉगला धरून आहेत ते याच कारणाने.

त्याही पुढे, आपत्कालीन सेवांसाठी मोबाइलसारखे ब्रॉडबँड जाळे उभारावे अशी शिफारस दूरसंचार नियामक ट्रायने जून 2018 मध्ये केली. दक्षिण कोरिया आणि अमेरिकेने अशी जाळी उभारली आहेत. ब्रिटनने मात्र 2019 पर्यंत जुने रेडिओ जाळे बदलण्याचे ठरवले आणि ती मुदत उलटून कितीतरी वर्षे गेली तरी जुन्यावरच काम चालू आहे. आपल्याकडे घाई करू नये असे म्हणणाऱ्यांचा तो आवडता दाखला.

स्वयंसेवक आणि कायदा

सर्वांत नाजूक प्रश्न हा. आपल्या भागात आपत्तीत पहिला पोहोचतो तो बहुधा गावकरी किंवा स्वयंसेवक. सांगलीचा रॉयल कृष्णा बोट क्लब, कोल्हापूरची व्हाइट आर्मी, महाबळेश्वरचे ट्रेकर्स ही काही ठळक नावे. त्यांच्या हाती सेट असावा की नाही?

कायद्याने त्यांच्यापुढे तीन वाटा आहेत. एक, परवाना घेऊन स्वतःची लहर मिळवणे. वाट सरळ, पण खर्चाची आणि कागदपत्रांची. दुसरी, हॅम परवाना. बारा वर्षांपुढच्या कोणालाही परीक्षा देऊन तो मिळतो आणि नेहमीची दळणवळण यंत्रणा कोलमडली तर हॅमला दुसऱ्यांचे निरोपही नेता येतात. परीक्षेमुळे माणूस शिस्त शिकूनच येतो, हा त्याचा मोठा गुण. पण परवाना व्यक्तीचा असतो, पथकातल्या दहा जणांना तो पुरत नाही. तिसरी वाट 2018 पासून मोकळी आहे. 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ पट्ट्यातले कमी शक्तीचे सेट परवान्याशिवाय वापरता येतात. त्यांची पोच थोडी, पण दोराच्या वर-खाली किंवा दोन बोटींत ती पुरते.

चौथी वाट बेकायदा आहे आणि तीच मोहाची. ऑनलाइन दोन-तीन हजारांत मिळणारे, कोणत्याही लहरीवर लावता येणारे सेट. ते चुकून किंवा मुद्दाम पोलिसांच्या लहरीवर गेले तर ऐन आपत्तीत अडथळा होतो. 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना नोटिसा दिल्या आणि अशा विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पोलिसांची भूमिका यात कडक आहे, आणि ती समजण्यासारखी आहे. स्वयंसेवकांचे म्हणणे असे की आम्हाला बोलावता तेव्हा दोर आणि बोट आमची चालते, मग संपर्काची जबाबदारी तुम्ही घ्या. 2023 चा दूरसंचार कायदा जुन्या कायद्यांच्या जागी आणला गेला, पण नोंदणीकृत बचाव पथकांना आपत्तीपुरते सेट आणि लहर कोणी द्यायची, हा रोजचा प्रश्न जिल्ह्याच्या पातळीवरच सोडवावा लागणार आहे. माझा कल स्वयंसेवकांच्या बाजूने आहे, एका अटीवर. सेट देण्याआधी शिकवावे आणि शिकवल्याची परीक्षा घ्यावी.

जे अजून मोकळे आहे

शिकवायचे कधी, हा पुढचा मुद्दा. एका दुपारच्या प्रात्यक्षिकाने सवय लागत नाही. या दोन जिल्ह्यांत मात्र सरावासाठी दरवर्षी आपोआप येणारे प्रसंग आहेत. माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला येते तेव्हा पोलीस, आरोग्य, महसूल, स्वयंसेवक सगळे रस्त्यावर असतात. 25 जानेवारी 2005 च्या चेंगराचेंगरीची आठवण असलेली मांढरदेवची यात्रा दर पौषात भरते. सामाईक चॅनेल, एक मालक, आकडे परत म्हणणे, हे सगळे तिथे खऱ्या गर्दीत, पण पुराच्या दडपणाशिवाय करून पाहता येईल.

दुसरे, निरोपांचा अभ्यास. 2019 च्या पुरानंतर वडनेरे समितीने पाण्याचा हिशेब मांडला. तसा निरोपांचा हिशेब प्रत्येक मोठ्या आपत्तीनंतर मांडायला हवा. कोणता निरोप केव्हा निघाला, कोणाला ऐकू आला, कुठे अडला, किती वेळा परत म्हणावा लागला. वायरलेसच्या लॉग बुकात ही सामग्री असते.

आणि शेवटच्या टोकाचा प्रश्न. 8 ऑगस्ट 2019 ला ब्रह्मनाळला गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटून अनेकांचा बळी गेला. सेट असता तर ते वाचले असते असे म्हणणे अप्रामाणिक ठरेल, तिथली कारणे वेगळी होती. पण पाण्याने वेढलेल्या गावाला ‘आणखी एक बोट येते आहे, गर्दी करू नका’ एवढे खात्रीने सांगता येणे ही गरज त्या दिवशी साऱ्या नदीकाठाची होती. गावात एक सेट कायम ठेवावा यावर बहुतेकांचे एकमत होते, तो कोणाकडे ठेवावा यावर होत नाही. पोलीस पाटलाकडे जबाबदारी आहे, पण तो एकटा माणूस. ग्रामपंचायतीत खोली आहे, पण रात्री कुलूप. सरकारने प्रशिक्षण दिलेले स्वयंसेवक, म्हणजे आपदा मित्र, शिकलेले असतात, पण कामासाठी गावाबाहेर जातात. काही जण दूध संस्थेचे नाव घेतात, कारण ती सकाळ-संध्याकाळ रोज उघडते आणि तिथे सेट चार्जिंगला राहील. कृष्णा-येरळेच्या संगमावरच्या ब्रह्मनाळसाठी यातले जे उत्तर चालेल ते कांदाटी खोऱ्यातल्या दहा घरांच्या वाडीला चालणार नाही. तिथे दूध संस्था नाही, आणि पावसाळ्यात लाँचही रोज येईल याची खात्री नाही.